पंधरा मिलिमीटर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळचे साडेदहा वाजलेत. गल्लीतले लेथ एकेक करून सुरू होताहेत. दोन गाळ्यांच्या मधे पत्रा टाकून केलेल्या गॅरेजच्या दारात एक आरएक्स शंभर उभी आहे. पुढचा ब्रेक आवळून, हँडलवर दोन्ही हातांचा भार टाकून मिस्त्री तिला दाबतायत. गाडी तोंडावर खाली जाते, तळाशी ‘ठक्’ वाजतं, आणि हात काढला की तडक वर येते. वर आल्यावर थांबतही नाही, आणखी दोनदा हलते.

“ऐकलं?” मिस्त्री विचारतात.

“रोजच ऐकालोय की,” मालक म्हणतात.

मालक गगनबावडा रस्त्यावरच्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. गॅरेजमध्ये त्यांना सगळे ‘सचिव’ म्हणूनच हाक मारतात. गाडी त्यांच्या थोरल्या भावानं नवी घेतलेली. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या सहकार्यानं १९८५ ते १९९६ या काळात बनवलेल्या या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकचं कौतुक कोल्हापुराला नव्यानं सांगायला नको. रस्त्यानं जाणारा एक पोरगा थांबून टाकीवर हात फिरवून, कुणाला काही न विचारता निघून जातो. सचिवांचं तिकडं लक्ष नाही. त्यांचं दुखणं करूळ घाटाचं आहे. मुलगी वैभववाडीला दिलीय, महिन्या-दोन महिन्यांनी घाट उतरावा लागतो. उतारावर पुढचा ब्रेक लावला की गाडी नाक खुपसते, वळणावर हँडल हलकं पडतं, आणि त्यात एखादा खड्डा आला की थेट मनगटात बसतो.

“मेव्हणा म्हणाला, शॉकअपमध्ये नव्वद नंबर ऑइल घाला. एकदम टणक हुईल म्हणाला.”

“टणकच पायजे असंल तर आत शिग घालून वेल्डिंग करू. ऑइल कशाला?” मिस्त्री हसतही नाहीत. “सचिव, वजन किती तुमचं?”

“ब्याण्णव.”

“आणि मागं?”

“मंडळी असतात. कधी पेंडीचं पोतं.”

मिस्त्री मान हलवतात आणि हाताखालच्या पोराला हवेचं मीटर आणायला सांगतात. मला वाटलं होतं, आता पाने निघतील, पुढचं चाक सुटेल. पण पुढचा अर्धा तास एकही नट सैल होत नाही. चाकातली हवा १६ पौंड निघते. बावीस-पंचवीस पाहिजे होती, तेवढी भरली जाते. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिनखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी करतात. पोरगा मागून सीटवर वजन देतो आणि मिस्त्री चाकासमोर उकिडवे बसून दोन्ही बॉटम, म्हणजे शॉकअपच्या खालच्या नळ्या, धरून पुढंमागं ओढतात. हँडलखालचा कोनसेट झिजला असला तरी ब्रेक मारल्यावर असंच ठकठकतं आणि गिऱ्हाईक शॉकअपला शिव्या घालतं. इथं कोनसेट बरा आहे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मधे कुठं अडकत नाही. डाव्या पाइपावर मात्र तेलात कालवलेल्या धुळीचं काळं कडं आहे. सील गेलंय.

आता ते खरं माप घेतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून उजव्या पाइपावर घट्ट बांधतात आणि सरकवून खाली डस्ट सीलला टेकवतात. चाक अजून अधांतरी आहे, म्हणजे शॉकअप पूर्ण ताणलेला. मग गाडी अलगद जमिनीवर. “बसा. पाय वर घ्या. उड्या मारू नका.” पोरगा मागून गाडी तोलून धरतो. सचिव फुटरेस्टवर पाय ठेवून, घाटात बसतात तसे बसतात. त्यांच्या वजनानं बॉटम वर सरकतो आणि रबराची पट्टी पुढं ढकलतो. सचिव उतरतात, गाडी पुन्हा उचलली जाते. पट्टी होती तिथंच राहिलीय. सील ते पट्टी हे अंतर म्हणजे नुसतं माणूस बसल्यावर शॉकअप किती खचला त्याचा हिशेब. मिस्त्री स्टीलची पट्टी लावतात.

“सेहेचाळीस.”

या शॉकअपची एकूण चाल अकरा सेंटीमीटरच्या घरात. त्यातले सेहेचाळीस मिलिमीटर गाडी नुसती उभी असतानाच खर्ची पडले. रस्त्यावरच्या गाडीला पंचवीस ते तीस टक्के खचणं ठीक, म्हणजे इथं तीस-बत्तीस मिलिमीटर. सचिव घाटात ब्रेक लावतात तेव्हा अंगाचा आणि गाडीचा भार पुढं येतो आणि उरलेली सहा-साडेसहा सेंटीमीटर चाल त्यातच संपत येते. मग खड्ड्यासाठी शिल्लक काही राहत नाही. गाडी नरम आहे हे सचिवांना कळतं, मिस्त्रींना कळतं, दाबणाऱ्या कुणालाही कळेल. पण वजनाखाली खचणं वेगळं आणि हात काढल्यावर झोके खाणं वेगळं. पहिला दोष स्प्रिंगचा, दुसरा तेलाचा. मेव्हण्याचा नव्वद नंबर दुसऱ्याचं औषध पहिल्याला देत होता, आणि तेही घोड्याच्या मात्रेत.

आता पाने निघतात. ब्रेकची केबल, मीटरची केबल, एक्सल, चाक, मडगार्ड, सगळं ओळीनं पोत्यावर मांडलं जातं. पाइप अजून टी-प्लेटमध्येच आहेत, वरची टोपणंही घट्ट आहेत, आणि तेवढ्यात मिस्त्री खालून बॉटमच्या बुडातला अ‍ॅलन बोल्ट सैल करून घेतात. हा क्रम महत्त्वाचा. तो बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये पिळलेला असतो आणि रॉडला धरून ठेवायला आत स्प्रिंगच्या दाबाशिवाय दुसरं काही नसतं. आधी टोपण उघडून स्प्रिंग काढली की खालचा बोल्ट आणि रॉड दोघं मिळून गोल फिरत बसतात, मग कितीही किल्ली घुमवा. शेजारच्या गाळ्यात परवा कुणीतरी याच पायी अर्धा दिवस घालवल्याचं पोरगा मला दबक्या आवाजात सांगतो.

टोपण सुटतं. जुनं तेल अर्ध्यातून कापलेल्या पाण्याच्या बाटलीत ओतलं जातं. राखाडी, पाण्याइतकं पातळ, तळाशी चंदेरी गाळ. त्याचा वास शेडभर पसरतो, शिळ्या मासळीचा. उजवीकडून जेवढं निघालं त्याच्या निम्मंच डावीकडून निघतं, बाकीचं सीलमधून रस्त्यावर गेलं.

“शेवटचं कधी बदललंवतं?” मिस्त्री विचारतात.

सचिव आठवायला लागतात. भाऊ हयात असताना कधीतरी. इंजिनचं तेल, हवा, चेन, सगळ्याचं वेळापत्रक माणसाच्या डोक्यात असतं. शॉकअपमध्ये तेल असतं हेच कित्येकांच्या गावी नसतं, ते गळून पायावर येईपर्यंत.

खरं तर हे तेल आहे म्हणूनच त्या नळ्यांना अर्थ आहे. एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि आत स्प्रिंग ही कल्पना जुनी. तेलाचा आवर घातलेला असा फोर्क कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर पहिल्यांदा आला तो १९३५ साली, बीएमडब्ल्यूच्या आर-१२ आणि आर-१७ या मॉडेलांवर. त्याचं एक साधं, स्वस्त रूप म्हणजे मिस्त्रींच्या हातातला हा डॅम्पर रॉड: वीतभराहून थोडी लांब पोकळ नळी, डोक्यावर एक रिंग, अंगावर दोन-चार भोकं. शॉकअप दबला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, सुटला की परत यावं लागतं. जेवढी घाई कराल तेवढा अडथळा, आणि तोही साध्या हिशेबानं वाढत नाही. वेग दुप्पट झाला की भोकातला विरोध चौपटीच्या आसपास जातो.

नव्वद नंबरचं गणित इथं फसतं. ब्रेक लावल्यावर गाडी खाली जाते ती तशी सावकाश. त्या वेगाला जाड तेलही फारसं अडवत नाही, वेळ थोडा जास्त लागतो एवढंच, आणि शेवटी गाडी तेवढीच खाली बसते. पण चाळीसच्या वेगात चाक खड्ड्याच्या काठावर आपटतं तेव्हा बॉटमला क्षणात वर जायचं असतं. तेव्हा तेच जाड तेल भोकात तुंबतं आणि दणका मनगटात जातो. म्हणजे नाक खुपसणं राहतंच, वर हात दुखायला लागतात. थंडीत पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला तर आणखी, कारण गार तेल अजून जाड.

मिस्त्री हे असं बोलत नाहीत. ते डाव्या पाइपात स्प्रिंग न घालता थोडं जुनं तेल पुन्हा ओततात आणि पाइप खाली दाबतात. फस्सकन तळाला जातो. मग सचिवांच्या हातात देतात. “दाबा.” सचिव दाबतात. फस्स. “आता ध्यानात ठेवा हे,” म्हणून पाइप काढून घेतात आणि रॉकेलनं धुवायला पोराकडं देतात.

स्प्रिंगा आधीच बाहेर आल्यात. दोन्ही पुसून फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या तर एक दुसरीपेक्षा चार मिलिमीटरनं आखूड भरते. फळीवर एक नवी स्प्रिंग आहे, दुसऱ्या कुणाच्या गाडीसाठी आणलेली. ती या दोघींपेक्षा लांब. वर्षानुवर्षं दबून स्प्रिंग थोडी बसते, तेवढं चालायचं. मिस्त्रींना काळजी वाटते ती गंजाची. वेढ्यावेढ्यावरून बोट फिरवून ते खड्डे शोधतात. नाहीत.

एवढ्यात समोरच्या गाळ्यातले अण्णा येतात. अण्णा टर्नर. हातात चहाचा ग्लास. फरशीवरच्या स्प्रिंगा बघून उभ्याउभ्याच निकाल देतात.

“पाच वेढे उडीव. वर पाइप घाल तेवढाच. काम खल्लास.”

“नको अण्णा.”

“का नको? स्प्रिंग ताठ हुईत न्हाई?”

“हुईल की. न्हाई कोण म्हणतंय?”

सचिव चक्रावतात. कापून आखूड केलेली स्प्रिंग ताठ कशी होईल? पण होते. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली तार, आणि दबताना ती तार पिळली जाते. तार जितकी लांब तितकी पिळायला सोपी. पन्नास वेढ्यांतले पाच काढले की उरलेल्या पंचेचाळिसांना तेवढंच काम करायचं, ताठपणा अकरा टक्क्यांनी वाढतो. तारेच्या जाडीचा खेळ तर याहून अजब. जाडी नुसती दहा टक्के वाढली तर ताठपणा सेहेचाळीस टक्क्यांनी चढतो, कारण तिथं चौथा घात लागतो. म्हणून जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीच्या पाइपात मावली तरी डोळे झाकून घालू नये. दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

अण्णांचं गणित बरोबर आहे. मला तर वाटतं, ब्याण्णव किलोच्या माणसाला शेवटी ताठ स्प्रिंगच हवी. कंपनीनं ही गाडी काढली तेव्हा तिच्या मनात असा भारदस्त सचिव नव्हता. पण मिस्त्रींच्या नकाराला तीन कारणं आहेत आणि ती ते अण्णांना एकेक करून, हातातलं काम न थांबवता सांगतात. ग्राइंडरनं कापलेलं तोंड सपाट नसतं, तिरकं बसतं, आतून पाइप खरवडतं. ते सपाट करायला गॅसनं तापवलं की शेवटच्या वेढ्यांचं पाणी जातं. वेढे कमी म्हणजे दबायला जागाही कमी, एखाद्या मोठ्या खड्ड्यात वेढ्याला वेढा भिडला तर शॉकअप तिथंच थांबतो.

“आणि परत लांब करता येती का?” ते शेवटचं विचारतात.

अण्णा चहाचा घोट घेतात. “मग काय करतोस?”

“पाइपच घालतो. स्प्रिंग कापत न्हाई.”

अण्णांना हे पटलेलं नाही. जाता जाता सचिवांना म्हणतात, “पुढच्या खेपेला माझ्याकडं या, कापून देतो.” पण पाइपाचा तुकडा कापायचाय म्हटल्यावर तेच स्वतःचा लेथ मोकळा करतात.

तुकडा साध्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचा. घरबांधणीतून उरलेला दोन-अडीच फुटी पाइप शेडच्या कोपऱ्यात पडलेला आहे, जाड अंगाचा. बाहेरून फोर्क पाइपात सैल बसेल आणि स्प्रिंगवर भक्कम टेकेल एवढा. किती लांब कापायचा? इथं मिस्त्रींचा हिशेब इतका सरळ आहे की मी वहीत उतरवून घेतो: गाडी जेवढी जास्त खचते तेवढाच तुकडा. सेहेचाळीसातून एकतीस करायचेत, म्हणजे पंधरा मिलिमीटर. आखूड स्प्रिंगच्या बाजूला चार मिलिमीटरची वॉशरं वेगळी, दोन्ही बाजू आधी सारख्या करायला.

याचं कारण असं. तुकडा घातल्यानं स्प्रिंग ताठ होत नाही, होती तेवढीच मऊ राहते. फक्त टोपण आवळतानाच ती पंधरा मिलिमीटर दाबली जाते, म्हणून पुढं वजन आल्यावर पंधरा मिलिमीटर कमी खचते. स्प्रिंग मिलिमीटरला अर्धा किलो घेणारी धरली, तर एका पायाला साडेसात किलो, दोन्ही मिळून पंधरा किलोचा भार ती आधीच पाठीवर घेऊन बसते. सचिवांचं वजन पंधरा किलोनं उतरवण्यापेक्षा हे सोपं, असं पोरगं म्हणतं, आणि मिस्त्रींच्या एका नजरेसरशी गप्प होऊन पुन्हा रॉकेलात हात घालतं.

हाच तुकडा चाळीस मिलिमीटरचा कापला तर? तेही करणारे आहेत. मग गाडी वजनाखाली खचतच नाही. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला चाल उरत नाही, प्रत्येक उंचवट्यानंतर शॉकअप वरच्या टोकाला ‘टक्’ करून आपटतो आणि पुढचं चाक रस्ता सोडत राहतं. दारात दाबून बघितलं की मात्र गाडी झकास टणक लागते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

लेथवर अण्णा तुकड्याची दोन्ही तोंडं काटकोनात सपाट करून घेतात. पीव्हीसीची पांढरी रिबीन निघून जमिनीवर गोळा होते. व्हर्नियर लावतात: पंधरा. दुसरा: पंधरा. प्रत्येक तुकड्याच्या खाली एक जाड लोखंडी वॉशर येणार, म्हणजे स्प्रिंगचं टोक प्लॅस्टिक चावणार नाही. वॉशरची जाडीही मापात धरायची, म्हणून अण्णा न सांगता तुकड्यातून दोन-दोन मिलिमीटर आणखी उतरवतात. त्यांनी पैसे घेतलेले नाहीत. सचिव खिशात हात घालतात तेव्हा म्हणतात, “स्प्रिंग कापली असती तर घेतलं असतं.”

दुपार होत आलीय. डाव्या पाइपावर सील जिथं घासतं त्या पट्ट्यात गंजाचे दोन-तीन टिंब सापडलेत. नवं सील घातलं आणि हे टिंब तसेच ठेवले तर सीलचा ओठ महिन्यात फाटणार आणि सगळा खर्च पाण्यात. मिस्त्री हजार नंबरच्या पॉलिशपेपरला तेल लावून पाइपाभोवती आडवा, गोल गोल फिरवतात. उभा नाही, उभे चरे पडले की तेल त्या चऱ्यांतून वर चढतं. एका टिंबाचा खड्डा नखाला लागतो. त्यात दोन ट्यूबांतलं चिकट गोंद-मिश्रण काडीनं भरून, वाळायला उन्हात ठेवून, मंडळी जेवायला बसतात. नव्या पाइपांचा सेट आणला असता तर आजचं सगळं बिल एका फटक्यात कितीतरी पट झालं असतं, आणि जुन्या क्रोमची जात पुन्हा मिळाली असती याची खात्री नाही. सचिवांच्या डब्यात भाकरी आणि मिरचीचा खर्डा आहे. मिस्त्री निम्मा संपवतात.

जेवणानंतर जोडणी. पाइपाच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यावरून तेल लावलेलं सील सरकवतात, कारण पाइपाची धार ओठ कापते. जुनं सील उपडं करून नव्यावर ठेवतात आणि वरून पाइपाच्या तुकड्यानं ठोकत बसवतात. आवाज बदलला की थांबतात. सर्क्लिप, डस्ट सील. बुडाच्या अ‍ॅलन बोल्टखाली नवं तांब्याचं वॉशर.

मग तेल. फोर्क ऑइलच्या दोन बाटल्या, एक दहा नंबर, एक वीस, दोन्ही एकाच कंपनीच्या. निम्मं निम्मं मिसळतात. दोन वेगळ्या कंपन्यांची घ्यायची नाहीत, कारण बाटलीवर दहा लिहिलं तरी प्रत्येकाचं दहा सारखंच जाड असतं असं नाही. आधी ठरलेलं माप सिरिंजनं ओतलं जातं, पाइप सावकाश वरखाली करून आतली हवा काढली जाते. आणि मग मिस्त्री ती गोष्ट करतात जी मी इतर गॅरेजांत फार कमी पाहिलीय. स्प्रिंग न घालता पाइप पूर्ण खाली दाबून, शॉकअप उभा धरून, आत स्टीलची पट्टी सोडतात आणि वरच्या काठापासून तेल किती खोल आहे ते मोजतात. दोन्हीकडं सारखं. मग दोन्हीकडं पातळी एक सेंटीमीटरनं वर आणतात.

“हे का?” मी विचारतो.

“वर हवा हाय न्हवं आत. तिला जागा कमी केली.”

बंद पाइपात तेलाच्या वर अडकलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच. शॉकअप जेमतेम दबला असताना तिचं अस्तित्व जाणवत नाही. पण तळाकडं जाताना ती इतकी कमी जागेत कोंबली जाते की दाब झपाट्यानं चढतो. हवेचा स्तंभ अठरा सेंटीमीटरचा असेल आणि अकरा सेंटीमीटर चाल संपली, तर सात उरले, दाब अडीचपटीच्या वर. तोच स्तंभ सतराचा केला तर सहा उरतात, दाब तिपटीकडं जातो. सुरुवातीची मऊ चाल तशीच राहते, शेवटची दोन बोटं मात्र घट्ट होतात. या सबंध कामात सगळ्यात फुकट सुधारणा हीच, पैशापैशाचं तेल. मोहही इथंच असतो. अजून एक सेंटीमीटर, अजून एक, असं करत गेलं की हवेला जागाच उरत नाही. तेल दबत नाही, आणि मग मोठ्या खड्ड्यात सील बाहेर फेकलं जातं.

डावा पाय अजून उघडा आहे. मिस्त्री तो सचिवांच्या हातात देतात. “दाबा.” सचिव सकाळसारखे दाबतात. पाइप जातो, पण सावकाश, एका धारेनं. वर ओढताना तर आणखी हट्टानं. सचिव दोनदा, तीनदा करून बघतात. पोराच्या हातात देतात, पोरगा माझ्या हातात देतो.

स्प्रिंग, वॉशर, पांढरा तुकडा, टोपण. तुकड्यामुळं टोपणाचा आटा धरेना. मिस्त्री पान्यावर छाती टेकवून दाबत पहिला आटा हातानं पकडवतात. घाई केली तर आटे चढतात आणि मग अण्णांकडं जावं लागतं. चाक चढवताना ब्रेक प्लेटची खाच बॉटमच्या खुंटीत बरोबर बसली का हे पोरगा बोटानं चाचपतो, मग मिस्त्री स्वतः चाचपतात. ही खाच चुकली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट फिरेल आणि चाक जाम. एक्सलचा नट आवळण्याआधी गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून चार-पाचदा दाबतात, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या सरळीत बसतात, मग आवळणं. उलट केलं तर पाय किंचित वाकडे अडकतात आणि चांगली स्प्रिंगसुद्धा कुरकुरत सरकते.

रबराची पट्टी पुन्हा खाली. “बसा सचिव.”

बत्तीस.

“एकतीस म्हणालावतासा,” सचिव म्हणतात.

“भाकरी खाल्लीसा की मगाशी.”

चार वाजता सचिव गाडी घेऊन चक्कर मारायला जातात. गाळ्यांच्या मधून टू-स्ट्रोकचा आवाज लांब जातो, कुठंतरी स्पीडब्रेकरवर मंदावतो, पुन्हा चढतो. मिस्त्री हात धुवून बिल लिहितात: सील जोडी, तेल, तांब्याची वॉशरं, मजुरी. एकूण हजाराच्या आत. पीव्हीसीचा तुकडा बिलात नाही.

सचिव परत येतात तेव्हा हेल्मेट न काढताच बोलायला लागतात. स्पीडब्रेकरवर वाजलं नाही. ब्रेक मुद्दाम जोरात मारून बघितला, खाली जाते पण थांबते. मात्र मंडळी आणि पोतं घेऊन घाट उतरायचाय, म्हणून अजून जरा टणक करून द्याल का? दोन्हीकडं पाच-पाच मिलिमीटर?

“न्हाई.”

“का ओ?”

“मंडळी मागं बसत्यात. पोतंबी मागं. पुढचा शॉकअप त्यांच्यासाठी टणक करून काय उपयोग?” मिस्त्री मागच्या शॉकअपकडं बोट करतात. दोन्ही शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांची फिरती कडी आहे, गंजून सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेली. पोराला सी-पाना आणायला सांगतात, कडीवर तेल सोडतात आणि दोन्ही बाजूंच्या कड्या एकेक पायरी चढवतात. त्याचे पैसे घेत नाहीत.

“आता घाट उतरून या. तळाला वाजलं तर दोन्हीकडं पाच-पाच मिली तेल वाढवू. आणि मेव्हण्याला सांगा, नव्वद नंबर त्याच्या ट्रॅक्टरात घाल.”

“त्याच्याकडं ट्रॅक्टर न्हाई,” सचिव किक मारतात.